कलाकार, द्वारा सभागृह

गावाहून शहरात शिकायला आलेल्या मुलाचं टपाल 'द्वारा श्री. अमुक, दुसरा मजला' असं लिहून यायचं. मुलाचं स्वतःचं घर इथे नाही, पण सध्या मुक्काम इथे आहे, हे पोस्टमनला त्या एका शब्दात कळायचं. संगीतकारांच्या सह्या जमवणाऱ्या अमेरिकेतल्या आणि ब्रिटनमधल्या मंडळींचा सगळा खेळ याच 'द्वारा'वर चालतो. पाकिटावर कलाकाराचं नाव, खाली 'द्वारा' अमुक सभागृह, त्याखाली कार्यक्रमाची तारीख. आत एलपीचं कव्हर, चार ओळींचं पत्र आणि परतीचं पाकीट. तिकडे या युक्तीला 'व्हाया व्हेन्यू' म्हणतात आणि जुने गडी आपसात बोलताना नुसतं 'व्हीव्ही'.

कलाकाराच्या घरचा पत्ता कुणाला मिळत नाही. मिळाला तरी तिथे पत्र टाकणं म्हणजे परक्याच्या उंबऱ्यात न विचारता पाय ठेवणं. मॅनेजरच्या ऑफिसात पत्रांचे ढीग पडतात. दौऱ्याच्या तारखा मात्र महिनोन् महिने आधी उघड छापल्या जातात. अमुक तारखेला, अमुक शहरात, अमुक इमारतीत तो माणूस असणार, हे जगजाहीर असतं. त्या दिवशी दुपारी साउंडचेक होतो, कार्यक्रम रात्री असतो, आणि मधले दोन-तीन तास ग्रीनरूममध्ये निवांत जातात. फिरायला जावं इतका वेळ नसतो आणि झोपावं इतकी शांतता नसते. नेमक्या त्या वेळी टूर मॅनेजर सभागृहात आलेली दोन-तीन पाकिटं आणि एक मार्कर पुढे ठेवतो. युक्तीची सगळी कमाल त्या रिकाम्या तासांत आहे.

तीन आठवड्यांचं गणित

पाकीट कार्यक्रमाच्या दोन ते तीन आठवडे आधी पोचावं, असा संग्राहकांचा साधारण अंदाज असतो. फार लवकर पोचलं तर ऑफिसातल्या कोपऱ्यात विसरलं जातं. उशिरा पोचलं तर कलाकाराची बस पुढच्या गावाला निघालेली असते आणि पाकीट 'प्रेषकास परत' असा शिक्का घेऊन घरी येतं. म्हणून तारीख पाकिटावर ठळक लिहायची. ती वाचून सभागृहातल्या माणसाला कळतं की हे टपाल कोणत्या दिवसाच्या गठ्ठ्यात टाकायचं.

सभागृह कोणतं, यावरही पुष्कळ अवलंबून असतं. वीस हजार माणसांच्या बंदिस्त स्टेडियममध्ये टपाल घेणारा माणूस आणि कलाकार यांची गाठ पडेलच असं नाही. हजार-दोन हजार खुर्च्यांचं जुनं थिएटर, विद्यापीठाचं प्रेक्षागृह, जत्रेतला रंगमंच, सिंफनीचा हॉल इथे मात्र दारावरचा माणूस, ऑफिसातला माणूस आणि ग्रीनरूम एकाच बोळात असतात. ऑर्केस्ट्राचे कंडक्टर, व्हायोलिनवादक, जॅझवाले, जुने कंट्री गायक यांच्याकडून उत्तर येण्याची आशा जास्त. पहिल्या फळीतल्या पॉप ताऱ्याकडून कमी. मुख्य कलाकाराच्या आधी जो अर्धा तास गातो, त्याला लिहिणारे सगळ्यात थोडे असतात, म्हणून माझं मत असं की पहिलं पाकीट त्यालाच धाडावं. आज ज्याला कुणी लिहीत नाही, तो चार ओळी जास्त लिहून पाठवतो.

तपकिरी गोळ्यांचा धडा

रंगमंचामागची माणसं कागद किती बारकाईनं वाचतात, याचा प्रसिद्ध दाखला व्हॅन हेलन या बँडचा. त्यांच्या करारनाम्यात एक कलम होतं: खाऊच्या भांड्यात एमअँडएमच्या गोळ्या असाव्यात, पण तपकिरी एकही नको. लोकांना वाटलं, ताऱ्यांचे नखरे. गायक डेव्हिड ली रॉथ यानं पुढे उलगडा केला. बँडचा सरंजाम अवजड होता, वजन, वीज, खांब यांच्या सूचनांनी करारनाम्याची पानंच्या पानं भरलेली होती. भांड्यात तपकिरी गोळी दिसली की समजायचं, आयोजकांनी कागद नीट वाचलेला नाही, आणि मग सगळी जोडणी नव्यानं तपासायची.

तुमचं पाकीट याच माणसांच्या हाती पडतं. अक्षर स्वच्छ हवं, प्रेषकाचा पत्ता ठसठशीत हवा. २००१ साली अमेरिकेत अँथ्रॅक्सची पत्रं टपालातून गेली, तेव्हापासून अनोळखी पाकिटाकडे तिकडे सावधपणे पाहिलं जातं. निनावी, जाडजूड, दहा थर टेप गुंडाळलेलं पाकीट न उघडता बाजूला पडलं तर तो दोष उघडणाऱ्याचा नाही.

तबकडी घरी, कव्हर टपालात

नवखा माणूस अख्खी एलपी पाठवतो. मुरलेला संग्राहक तबकडी घरी ठेवतो आणि नुसतं कव्हर पाठवतो. सही कव्हरवरच व्हायची असते, मग तबकडीचं वजन कशाला वाहायचं? आजकालच्या जड एलपीचं वजन १८० ग्रॅम असतं, ते दोन्ही खेपांच्या टपालखर्चातून वाचतं. शिवाय पाकीट हरवलं तरी गाणी घरात राहतात. सीडी असेल तर फक्त आतली पुस्तिका पाठवायची. कव्हरच्या दोन्ही बाजूंना पुठ्ठा, आणि पुठ्ठ्याची एक पट्टी आडवी नि एक उभी लावायची, म्हणजे टपालखात्याच्या कोणत्याही पिशवीत कव्हर दुमडत नाही.

सपाट वस्तू टपालाला मानवतात. म्हणून या छंदात ड्रमचं कातडंही चांगलं फिरतं. रेमो बेली यांच्या कंपनीनं १९५७ साली प्लॅस्टिकच्या पातळ पडद्याचं ड्रमहेड बाजारात आणलं. त्याआधी ड्रमवर खरंखुरं जनावराचं कातडं असायचं आणि पावसाळी हवेत ते सैल पडायचं. या नव्या पांढऱ्या पडद्यावर मार्कर सुरेख चालतो.

गिटारचं काय? ती टपालानं पाठवणं म्हणजे खर्च आणि धोका दोन्ही. त्यावर संग्राहकांनी शोधलेली तोड मला या छंदातली सगळ्यात हुशार गोष्ट वाटते. फेंडरची स्ट्रॅटोकास्टर गिटार १९५४ सालची. तिच्या पोटावर प्लॅस्टिकची एक पातळ ढाल असते, तिला पिकगार्ड म्हणतात. नेहमीच्या मॉडेलवर ती ११ स्क्रूंनी बसवलेली असते. तेवढी सुटी ढाल विकत घ्यायची, पाकिटात घालून पाठवायची, आणि सही होऊन आली की आपल्या गिटारवर ते ११ स्क्रू पिळायचे. भिंतीवर सही केलेली गिटार, आणि टपालखर्च एका मोठ्या पाकिटाचा.

परतीचं तिकीट

मराठी दिवाळी अंकांत वर्षानुवर्षं एक सूचना छापून यायची: साहित्य परत हवे असल्यास पुरेशी तिकिटे लावलेले, स्वतःचा पत्ता लिहिलेले पाकीट सोबत जोडावे. टपालानं सही मागण्याचा पहिला नियम अक्षरशः हाच. ज्याच्याकडे मागायचं, त्याच्या खिशाला एका तिकिटाचाही भार पडता कामा नये.

या परतीच्या पाकिटाची एक जुनी अडचण होती. आज पाठवलेलं पाकीट सहा महिन्यांनी निघालं, तोवर टपालाचे दर वाढले तर? अमेरिकेच्या टपालखात्यानं एप्रिल २००७ मध्ये 'फॉरएव्हर' तिकीट काढलं. त्यावर लिबर्टी बेल होती, तेव्हाची किंमत ४१ सेंट. हे तिकीट कधीही वापरा, त्या दिवशीच्या साध्या पत्राच्या दरानं ते चालतं. सही मागणाऱ्यांना ते वरदानच ठरलं, कारण त्यांची पाकिटं कुठे ना कुठे वर्षभर पडून राहतात. जानेवारी २०१३ मध्ये परदेशी पत्रांसाठीही तसंच 'ग्लोबल फॉरएव्हर' तिकीट आलं.

ब्रिटनमध्ये उलट घडलं. रॉयल मेलनं रोजच्या वापराच्या तिकिटांना बारकोड जोडले. बारकोड नसलेली जुनी तिकिटं ३१ जानेवारी २०२३ नंतर चालणार नाहीत असं जाहीर केलं, आणि जुलैअखेरपर्यंत सवलत दिली. चित्रमय विशेष तिकिटं तेवढी वाचली. त्या काळात कुठल्याशा ड्रेसिंग रूमच्या खणात पडलेल्या परतीच्या पाकिटांची तिकिटं एका तारखेत निकामी झाली, याचं मला अजून वाईट वाटतं.

देश बदलला की पेच आणखी वाढतो, कारण भारताचं तिकीट अमेरिकेत चालत नाही. त्यासाठी जगाच्या टपाल संघटनेनं १९०६ साली रोमच्या अधिवेशनात एक कूपन ठरवलं. ते आपल्या देशात विकत घ्यायचं, पत्रासोबत पाठवायचं, आणि तिकडच्या माणसानं ते टपाल कचेरीत देऊन तिथलं तिकीट घ्यायचं. कल्पना इतकी प्रामाणिक, पण एका इसमाला त्यात दुसरंच काही दिसलं. चार्ल्स पोंझी. इटलीत स्वस्तात कूपनं घ्यायची, अमेरिकेत महाग तिकिटांत बदलायची आणि गुंतवणूकदारांना ४५ दिवसांत ५० टक्के नफा द्यायचा, असं त्यानं १९२० साली बॉस्टनमध्ये सांगितलं. प्रत्यक्षात तो नव्यांचे पैसे जुन्यांना वाटत होता. आज जगभर रूढ असलेल्या 'पोंझी स्कीम' या नावाचा उगम परतीच्या टपालखर्चाच्या या कूपनात आहे. ब्रिटननं २०११ अखेर आणि अमेरिकेनं २०१३ च्या आरंभी कूपनांची विक्री बंद केली. त्यामुळे आता सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे त्या देशाची खरी तिकिटं मागवून परतीच्या पाकिटावर लावणं. अमेरिकेत किंवा इंग्लंडात मावशी-काका, भाचे-पुतणे असलेली मराठी घरं थोडी नाहीत. सुट्टीवर येताना त्यांना चॉकलेटांऐवजी तिकिटांची पट्टी आणायला सांगावी.

काळ्या कव्हरवर काळी शाई

शार्पी नावाचा मार्कर १९६४ साली अमेरिकेत बाजारात आला. काच, प्लॅस्टिक, चकचकीत फोटो, कशावरही न पुसता उमटणारा आणि पेनासारखा हातात मावणारा. सहीच्या दुनियेत त्यानं बॉलपेनला मागे टाकलं. पण कव्हर काळं असेल तर सोबत चंदेरी रंगाचं पेन जोडायला विसरू नये. ग्रीनरूममध्ये काळा मार्कर हमखास सापडतो, चंदेरी सापडत नाही, आणि काळ्यावर काळी सही आली तर ती उजेडात तिरकी धरूनच पाहावी लागते. साध्या खरखरीत कागदावर मात्र मार्करची शाई पसरते, तिथे बॉलपेनच बरं.

आणि सही करायला जागा ठेवा. गजबजलेल्या चित्रावर कलाकार गोंधळतो, मोकळ्या आकाशावर झोकात सही करतो. अख्ख्या बँडच्या सह्या हव्या असतील तर त्याच बँडचं मोकळं आकाश असलेलं एखादं कव्हर निवडणं हा त्यावरचा इलाज.

नॅशव्हिलचा मागचा बोळ

टेनेसी राज्यातलं नॅशव्हिल हे या छंदाचं पंढरपूर मानावं. तिथलं रायमन ऑडिटोरियम १८९२ साली धार्मिक सभांसाठी बांधलं गेलं. आतली बाकंही चर्चसारखीच आहेत. १९४३ ते १९७४ 'ग्रँड ओल ऑप्री' हा रेडिओवरचा कंट्री संगीताचा साप्ताहिक कार्यक्रम तिथून होई. इमारत प्रवचनांसाठी असल्यामुळे रंगमंचामागे धड ड्रेसिंग रूम नव्हत्या. आपली पाळी येईपर्यंत गायक मागच्या दारानं निघून बोळ ओलांडत आणि पलीकडच्या टूट्सीज ऑर्किड लाउंजमध्ये जाऊन बसत. देशातले सगळ्यात मोठे गायक आणि सामान्य रसिक एकाच बोळात, एकमेकांपासून हाताच्या अंतरावर. कंट्रीच्या कलाकारांना चाहत्यांचा संकोच वाटत नाही, याचं मूळ मला त्या बोळात दिसतं.

त्याच गावात १८७९ पासून हॅच शो प्रिंट हा छापखाना आहे. लाकडी ठसे जुळवून, शाई फासून, हातानं कार्यक्रमांची पोस्टरं तिथे छापतात. रायमनमधल्या कार्यक्रमांची पोस्टरं आजही तिथे होतात. सही घ्यायला याहून देखणा कागद मला माहीत नाही. ज्या रात्री गाणं झालं तिचं पोस्टर, त्याच गावात, त्याच शाईच्या परंपरेत छापलेलं, आणि त्यावर गाणाऱ्याचं नाव त्याच्याच हातचं.

१९७२ पासून नॅशव्हिलमध्ये 'फॅन फेअर' भरायला लागला. कलाकार मांडव टाकून बसतात आणि लोक रांगेनं सह्या घेतात. जून १९९६ मध्ये गार्थ ब्रुक्स तिथे आगाऊ वर्दी न देता आला आणि सह्या करायला बसला. तो उठला तो २३ तास १० मिनिटांनी. तेव्हा तो अमेरिकेतल्या सर्वाधिक खपाच्या गायकांपैकी एक होता. मधे विश्रांती नाही, रांगेतल्या कुणाला परत पाठवणं नाही. आपल्याकडे पहाटेपर्यंत रंगलेल्या मैफलींचं अप्रूप सांगतात, तसंच हे अप्रूप आहे, फक्त गळ्याऐवजी मनगटाचं.

पाकीटच चित्र

टपाल आणि मैफल यांचं सगळ्यात रंगीत नातं जुळलं ते ग्रेटफुल डेड या बँडमुळे. १९८३ पासून हा बँड आपली तिकिटं स्वतःच टपालानं विकू लागला. चाहत्यानं मनीऑर्डर, तीन बाय पाच इंचाचं कार्ड आणि परतीचं पाकीट पाठवायचं. मागणी फार, तिकिटं थोडी. आपलं पाकीट नजरेत भरावं म्हणून लोक ते रंगवू लागले. कवट्या, गुलाब, नाचणारी अस्वलं, जलरंगातले सूर्यास्त. तिकीट मिळणं त्यावर ठरत नव्हतं, तरी पाकिटं दर दौऱ्याला अधिकच देखणी होत गेली. बँडच्या माणसांनी ती फेकली नाहीत. आज त्यांतली पुष्कळ पाकिटं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता क्रूझ इथल्या ग्रंथालयात, बँडच्या अभिलेखागारात जपून ठेवली आहेत. तिथे कलाकाराची सही चाहत्यानं जपलेली नाही, चाहत्यांची चित्रं कलाकारांनी जपली आहेत. टपालानं सही मागणाऱ्या प्रत्येकानं ही गोष्ट ऐकावी असं मला वाटतं, कारण या देवघेवीत पाठवणाऱ्याचा हातही मोलाचा असतो, हे तिच्यातून कळतं.

तीन बाय पाचचं कोरं कार्ड आजही सही मागणाऱ्यांचं सगळ्यात स्वस्त साधन आहे.

ही सही कुणाची?

आता जरा कडू भाग. साठच्या दशकात बीटल्सकडे सह्यांची मागणी इतकी होती की नील अ‍ॅस्पिनॉल आणि मॅल इव्हान्स हे त्यांचे दौऱ्यावरचे सोबती चौघांच्या नावानं सह्या करून देत. त्या सह्या साठ वर्षांनी आजही बाजारात फिरतात आणि तज्ज्ञांना वळणावरून ओळखाव्या लागतात. चौघांच्या खऱ्या सह्या असलेलं त्यांच्या 'सार्जंट पेपर' या एलपीचं एक कव्हर २०१३ साली अमेरिकेत २,९०,५०० डॉलरला गेलं. खऱ्या आणि सोबत्याच्या सहीतलं अंतर असं असतं.

यंत्राची सही त्याहून जुनी. एका पेनानं लिहिलं की दुसरं जोडलेलं पेन तेच उमटवतं, असं यंत्र जॉन हॉकिन्स यानं १८०३ साली नोंदवलं आणि राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफर्सन ते आपल्या पत्रांच्या नकला ठेवायला वापरू लागला. विसाव्या शतकात एकदा नोंदलेली सही आपोआप उमटवणारं ऑटोपेन आलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये बॉब डिलनच्या नव्या पुस्तकाच्या ९०० प्रती 'स्वहस्ते सही केलेल्या' म्हणून ५९९ डॉलरला विकल्या गेल्या. घेणाऱ्यांनी आपापल्या प्रतींचे फोटो शेजारी ठेवले, तर सह्या तंतोतंत सारख्या. प्रकाशकानं पैसे परत केले. डिलननं स्वतः माफी मागितली आणि २०१९ पासून भोवळीचा त्रास असल्याचं सांगितलं. माणूस एकच सही दोनदा हुबेहूब करू शकत नाही. ज्या दोन सह्या एकमेकींवर अचूक बसतात, त्या दोन्ही यंत्राच्या. ही परीक्षा घरी खिडकीच्या काचेवर कागद धरूनही करता येते.

नव्वदच्या दशकात एफबीआयनं 'ऑपरेशन बुलपेन' या नावानं खोट्या सह्यांच्या टोळ्यांवर मोठी मोहीम चालवली. त्यात मुख्यतः खेळाडूंच्या सह्या होत्या, पण बाजार तोच. १९९५ साली ईबे सुरू झालं आणि सही घरबसल्या विकता येऊ लागली, तेव्हापासून कलाकारांच्या मनात शंकेनं घर केलं. ऑक्टोबर २००८ मध्ये बीटल्समधल्या रिंगो स्टारनं आपल्या संकेतस्थळावर चित्रफीत टाकून जाहीर केलं की २० ऑक्टोबरनंतरचं चाहत्यांचं टपाल फेकून दिलं जाईल, सह्या बंद. २०२१ साली त्याचा बीटल्समधला सोबती पॉल मॅकार्टनीनंही आपण सह्या देणं थांबवल्याचं सांगितलं. त्यांना बोल लावणं मला जमत नाही. चाळीस-पन्नास वर्षं लाखो कागदांवर नाव लिहिल्यावर माणसानं हात आवरला, तर तो त्याचा हक्क आहे.

सही सहज विकली जाऊ नये म्हणून कलाकार हल्ली सहीबरोबर मागणाऱ्याचं नाव लिहितात, 'अमुक हिला सप्रेम'. विकणारे अशी सही कमी भावात धरतात. मी तिलाच सगळ्यात वर ठेवते. ज्या कागदावर आपलं नाव आणि त्यांचं नाव शेजारी आहे, तो कागद विकायचा कशाला?

ब्राम्सची दिलदारी

सही म्हणजे नुसतं नाव नव्हे, हे जुन्या संगीतकारांना पक्कं ठाऊक होतं. योहान स्ट्राउसच्या घरातल्या एका स्त्रीनं ब्राम्सपुढे सहीसाठी हातपंखा धरला. ब्राम्सनं त्यावर स्ट्राउसच्याच 'ब्लू डॅन्यूब'चे पहिले सूर लिहिले आणि खाली लिहिलं की ही रचना दुर्दैवानं माझी नाही. एवढ्या मोठ्या माणसानं दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या सुरांवर अशी सही करावी! त्याच्याही आधी, २९ ऑक्टोबर १७९२ रोजी काउंट वाल्डस्टाइननं तरुण बेटोफेनच्या निरोपाच्या वहीत लिहिलं होतं की कष्ट कर, मोझार्टचा आत्मा तुला हायडनच्या हातून मिळेल. बेटोफेन तेव्हा २१ वर्षांचा, बॉन सोडून व्हिएन्नाला निघालेला. ऑपेरा गायक कारूसो सही मागणाऱ्यांना स्वतःचं व्यंगचित्रही काढून देई, आणि त्याची चित्रं न्यूयॉर्कच्या एका इटालियन नियतकालिकात छापून येत.

मुंबईची उशी, लंडनचं दार

१ नोव्हेंबर १९९६ रोजी मायकेल जॅक्सन मुंबईत अंधेरीच्या क्रीडासंकुलात नाचला. हॉटेल सोडताना त्यानं उशीवर भारतासाठी एक संदेश लिहिला आणि खाली सही केली. सहीच्या वस्तूंच्या यादीत उशी घालण्याचा मान मुंबईचा.

मार्च १९७४ मध्ये लता मंगेशकर लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये गायल्या. १८७१ साली उघडलेल्या त्या लंबगोल इमारतीत गाणाऱ्या त्या पहिल्या भारतीय कलाकार मानल्या जातात. त्या कार्यक्रमाच्या ध्वनिमुद्रिका दोन भागांत निघाल्या आणि कित्येक मराठी घरांत त्या अजून आहेत. त्यातलं कव्हर काढून बघा. एखाद्या मावशीनं तेव्हा लंडनमध्ये रांगेत उभं राहून त्यावर सही घेतलेली असू शकते.

सभागृहांनाही आपल्या रसिकांनी जपलेल्या कागदांची गरज पडते. न्यूयॉर्कचा कार्नेगी हॉल १८९१ साली चायकॉव्स्कीच्या उपस्थितीत उघडला, पण त्याचं रीतसर अभिलेखागार उभं राहिलं ते १९८६ मध्ये. तोवरचा पुष्कळसा इतिहास लोकांच्या घरातल्या खणांत होता, आणि शताब्दीच्या तयारीत लोकांनी जपलेल्या कार्यक्रमपत्रिका हॉलकडे परत आल्या.

आपल्याकडे गांधीजी सहीचे ५ रुपये घेत आणि ते हरिजन निधीत टाकत. मागणाऱ्यानं काहीतरी द्यावं, हा संस्कार इथलाच आहे.

पहिलं पाकीट

बाहेरचा एखादा व्हायोलिनवादक किंवा पियानोवादक नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये येणार असेल, तर पत्र पाठवायला परदेशी टपालखर्चाची किंवा परदेशी तिकिटांचीही अडचण नाही. दोन्ही पाकिटांवर भारताचीच तिकिटं. पत्र हातानं लिहा. एक पान पुरे. त्याचं कोणतं वादन कधी ऐकलं, त्यातला कोणता भाग मनात राहिला, एवढं लिहा, आणि एकच वस्तू जोडा. पाच कव्हरं पाठवणाऱ्याला व्यापारी समजतात, आणि ते बरोबरच आहे. अमूल्य वस्तू पाठवू नका. जी हरवली तर चालेल, तीच पाठवा, कारण दहातली काही पाकिटं परत येत नाहीत.

परतीच्या पाकिटावर आपला पत्ता स्पष्ट अक्षरात लिहा, पिनकोडचे सहाही आकडे नीट घाला, आणि पुठ्ठा दोन्ही बाजूंनी लावा.